अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र

नेपाळमधील सर्वांत मोठे संरक्षित निसर्गक्षेत्र. क्षेत्रफळ ७,६२९ चौ. किमी. कास्की, लमजुंग, मनांग, म्याग्दी व मुस्तांग या पाच जिल्ह्यांत ते पसरले आहे. अन्नपूर्णा–१ (८,०९१ मी.) हे शिखर, काली गंडकीची खोल घळई आणि तिलिचो सरोवर याच क्षेत्रात येतात. मराठी घरांतल्या देव्हाऱ्यातील शाळिग्राम काली गंडकीतून येतो आणि मुक्तिनाथाचे तीर्थही येथेच आहे. हिमबिबट्या, कस्तुरीमृग व भरल यांच्या या अधिवासात गुरुंग, मगर, थकाली, मनांगी आदी समाजांचे सुमारे एक लाख लोक राहतात.

पार्श्वभूमी : नेपाळच्या १९७३ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानांवर सैन्याचा पहारा असे, रारा उद्यानासाठी तर तेथील गावे उठवण्यात आली. अन्नपूर्णा परिसरात गिर्यारोहक व पदभ्रमण करणारे वाढले, तशी जळणासाठी जंगलतोडही वाढली. त्यावर उपाय शोधताना मिंग्मा नोर्बू शेर्पा, ब्रॉटन कोबर्न व चंद्र गुरुंग यांनी गावकऱ्यांशी बोलून आराखडा बनवला. १९८६ मध्ये घांद्रुक येथून प्रकल्प सुरू झाला. १९८९ च्या कायदादुरुस्तीने ‘संरक्षण क्षेत्र’ हा नवा वर्ग निर्माण केला आणि १९९२ मध्ये अन्नपूर्णाची अधिकृत घोषणा झाली. वस्ती हलवायची नाही आणि सैन्य ठेवायचे नाही, हे या व्यवस्थेचे मूळ सूत्र.

व्यवस्थापन : जबाबदारी राष्ट्रीय निसर्ग संरक्षण कोष या स्वायत्त संस्थेकडे आहे. १९९६ च्या नियमावलीने गावपातळीवर पंधरा सदस्यांच्या व्यवस्थापन समित्या स्थापन केल्या. त्यांत नऊ सदस्य गावकऱ्यांनी निवडलेले, पाच नामनियुक्त व गावप्रमुख पदसिद्ध असे. लाकूड, सरपण व चराईचे परवाने देणे, नियम मोडणाऱ्यास दंड करणे आणि गावाचा आराखडा तयार करणे ही समितीची कामे होत. महिलांचे ‘आमा समूह’ पायवाटा, स्वच्छता व रोपलागवड सांभाळतात. पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचा पैसा याच क्षेत्राच्या संरक्षणावर व विकासावर खर्च होतो. वर्दळीच्या पदभ्रमण मार्गांवर सरपणाऐवजी रॉकेल व गॅस आणि गावांत लघुजलविद्युत हे पर्याय दिले गेले.

मर्यादा : पर्यटनाचा लाभ मुख्यतः वाटेवरच्या लॉजमालकांना मिळाला, आडबाजूच्या गावांना, तसेच दलितांना तो कमी पोहोचला. हिमबिबट्या गुरे मारतो, तेव्हा संरक्षणाची किंमत मेंढपाळ व याकपालक मोजतात. २०१७ नंतर निवडून आलेल्या गाउँपालिकांमुळे अधिकार व महसुलाच्या वाटपाचा प्रश्न पुढे आला.

प्रभाव : राखणदार तोच रहिवासी ही कल्पना येथून नेपाळभर गेली. २००६ मध्ये कांचनजंगा संरक्षण क्षेत्राचा कारभार स्थानिक समाजाकडे सोपवण्यात आला. त्या समारंभाहून परतताना २३ सप्टेंबर २००६ रोजी झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात चंद्र गुरुंग व मिंग्मा नोर्बू शेर्पा यांचा मृत्यू झाला.