लांब पाठीची गाडी आणि चार मीटरची रेघ

स्टेशन वॅगन भारतात का रुजली नाही, याचे एक ठरलेले उत्तर आहे: आपल्या लोकांना डिकी वेगळी दिसणारी गाडी लागते, लांब पाठीची गाडी त्यांना मालवाहू वाटते. हे उत्तर खरे मानले तर वेळापूरच्या रस्त्याचा अर्थच लागत नाही. अकलूज, माळशिरस, पंढरपूर या पट्ट्यात आधी वडापची, म्हणजे सीटमागे पैसे घेणाऱ्या खासगी वाहतुकीची, ट्रॅक्स धावली, मग सुमो आली, बोलेरो आली, आणि आता लग्नकार्याला, देवदर्शनाला अर्टिगा निघते. या सगळ्या गाड्यांचे छप्पर शेवटपर्यंत सरळ, मागे उघडणारे दार, माणसे आणि ओझे एकाच छपराखाली. स्टेशन वॅगनची मूळ कल्पना हीच आहे, आणि ती इथे घट्ट रुजलेली आहे. नाकारले गेले ते तिचे मोटारीच्या उंचीचे, घरगुती रूप. त्याची कारणे आवडीनिवडीत शोधण्यापेक्षा सीटमागच्या हिशेबात आणि कराच्या कायद्यात शोधावीत. टर्बो इंजिनाची वाटचालही त्याच कायद्याने वळवली.

सुरुवात इंजिनांपासून करू. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी निघाल्या. पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे, ताकद 40 अश्वशक्तीच्या आसपास. तिकडे उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने अ‍ॅम्बॅसिडरची एस्टेट, म्हणजे स्टेशन वॅगन, काढली होती, तीही याच युगातली. मागे जागा दिली की माणूस ती भरणारच, आणि भरली की एवढ्याशा इंजिनाचा दम निघणार. खरा प्रयत्न झाला तो पुण्यात. टाटांच्या टेल्कोने 1988 मध्ये टाटामोबाइल पिकअप आणली, त्याच घराण्यातून 1991 मध्ये सिएरा आणि 1992 मध्ये टाटा एस्टेट. लांब, ऐसपैस, पॉवर विंडो असलेली ही गाडी त्या काळी भारतीय रस्त्यावर उठून दिसे. पण तिच्या खाली पिकअपची वेगळी, जड चासी होती आणि पुढे 1948 सीसीचे साधे डिझेल इंजिन, ताकद 65 च्या आसपास. रिकामी असताना ती बरी चाले. पाच माणसे आणि सामान घेऊन दिवेघाट चढायचा म्हटले की पिकअपच्या नावाने बोंब. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात याच इंजिनाला टर्बो बसला. सायलेन्सरकडे वाया जाणारा तापलेला वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा वाढली की जास्त डिझेल जळू शकते, आणि तेवढ्याच सीसीत ताकद वाढते. इथे ती 90 च्या जवळ गेली. 1998 ची सफारीही याच टर्बो इंजिनावर बाजारात उतरली. नवी टर्बो एस्टेट आणि जुनी बिनटर्बोची यांची तुलना त्या काळी कोणी भरल्या गाडीनिशी केली असती, तर निकाल नव्या गाडीच्या बाजूने लागला असता, यात मला शंका नाही.

मग एस्टेट ताकद कमी म्हणूनच हरली, असे म्हणावे का? त्यावर एक सरळ आक्षेप येतो. 1994 मध्ये आलेल्या सुमोला हेच 1948 सीसीचे बिनटर्बो इंजिन होते, तिच्यात दहा माणसे बसत, आणि ती हातोहात खपली. हा आक्षेप इतका भक्कम आहे की इंजिनाचे कारण एकट्याने टिकत नाही. फरक पडला तो गाडीकडून केलेल्या अपेक्षेत. सुमोच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकडी, गुडघ्याला गुडघा लागलेला, छपरावर कॅरिअर. प्रत्येक सीट पैसे मिळवत होती, आणि वडापमध्ये बसणाऱ्याला गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत गेली तरी चालत होते, कारण एसटीची वाट पाहण्यापेक्षा ते बरे. एस्टेटची मागची जागा मात्र एक पैसाही कमावत नव्हती. ती घेणाऱ्याला मोटारीची चपळाई आणि मोटारीचा आराम हवा होता, आणि त्याच किमतीच्या तराजूत ती हलकी पडली. टर्बोने चपळाईची उणीव बरीच भरून काढली, पण तोवर मोठ्या कुटुंबाची गाडी म्हणजे उंच गाडी हे समीकरण पक्के झाले होते. 2000 च्या सुमारास आलेली मारुतीची स्टेशन वॅगन बलेनो अल्टुरा याच कारणाने थोडक्यात आटोपली.

शेवटचा घाव कराचा. टाटांनी 2004 मध्ये इंडिगो मरीना ही स्टेशन वॅगन आणली, तेव्हा जुन्या चुका बऱ्याच सुधारलेल्या होत्या: चासी वेगळी नव्हती, वजन कमी होते, आणि 1405 सीसीच्या डिझेलला टर्बो होता. पण 2006 च्या अर्थसंकल्पाने 4 मीटरच्या आतल्या, पेट्रोल 1200 आणि डिझेल 1500 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले. मरीना 4 मीटरच्या थोडी वर होती. कंपनीने 2008 मध्ये काय केले? इंडिगोचीच डिकी कापून तिला 4 मीटरच्या आत बसवले आणि इंडिगो सीएस म्हणून विकले. सामानाची जागा घटली, किंमत उतरली, गाडी खपली. ज्या गाडीचा जीव मागच्या लांबीत आहे, तिच्या लांबीवरच कर बसला तर ती जगणार कशी? टर्बोचेही काम तेव्हापासून बदलले. ओझे ओढण्यासाठी आलेले यंत्र छोट्या पेट्रोल गाड्यांत इंजिन 1200 सीसीच्या रेषेखाली ठेवून ताकद राखण्यासाठी वापरले जाऊ लागले. अर्टिगा 2012 मध्ये 4 मीटरची रेघ ओलांडूनही टिकली, कारण तिच्यात सात सीट होत्या. सुमोचाच हिशेब, फक्त सभ्य रूपात. खरीखुरी टर्बो एस्टेट उरली ती श्रीमंतांपुरती. 2015 मध्ये इथे आलेल्या ऑडी आरएस 6 अवांतची किंमत कोटीच्या वर होती.

जुन्या गाड्यांचा कैवार घेणारे म्हणतात की बिनटर्बो डिझेल गावातला मेस्त्री पान्यांच्या संचावर खोलून बसवत होता, नव्या गाडीला संगणक लावावा लागतो. हे खरे आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्यासाठी ते गंभीरही आहे. जुना टर्बो तर ऑइल बदलण्यात हयगय केली की लवकर बसे. पण त्या साध्या इंजिनाचा काळा धूर रस्त्याकडेच्या लोकांनी गिळला. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस 6 या धुराच्या नियमांच्या मर्यादेत ते बसवणे शक्य नाही, आणि बसवू पाहूही नये. तेव्हा नवी टर्बो गाडी जुनीशी तोलायची असेल, तर शोरूमच्या दारातून एकट्याने मारलेली चक्कर पुरेशी नाही. घरची माणसे आणि नेहमीचे सामान भरून, एसी लावून, चढावर गाडी कमी आरपीएमला ओढते का ते पाहावे. छोट्या टर्बो इंजिनाची उणीव नेमकी तिथे उघडी पडते.

आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग आता चौपदरी होतो आहे, आणि लांब, बुटकी, वळणावर स्थिर राहणारी गाडी अशा रस्त्यावर उंच गाडीपेक्षा सुरक्षित व कमी इंधनात चालते. तरीही 22 सप्टेंबर 2025 च्या जीएसटी बदलात 4 मीटरची रेघ तशीच राहिली: आत 18 टक्के, बाहेर 40. वजनावर आणि धुरावर कर लावावा, लांबीवर लावू नये. नोव्हेंबर 2025 मध्ये सिएरा हे नाव टर्बो पेट्रोल इंजिनासह परत आले. एस्टेट आलेली नाही, आणि ही रेघ आहे तोवर येणारही नाही.