सन्निधी आणि आकांक्षा : टिपणांतील दुव्याचा इतिहास

वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तिन्हींची आवश्यकता असते, असे भारतीय शाब्दबोधविचाराने मानले आहे. गाय, घोडा, माणूस, हत्ती ही पदे एकापाठोपाठ उच्चारली तरी वाक्य होत नाही, कारण एका पदाला दुसऱ्याची अपेक्षाच नसते. अग्नीने शिंपण्याची गोष्ट केली तर अपेक्षा असूनही योग्यता नसते. आणि पदे प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारली तर सन्निधी उरत नाही. हा विचार अर्थात पदांपुरता आहे. परंतु अभ्यासकाच्या टिपणांना तो लावून पाहिला, तर टिपणे जोडणाऱ्या यंत्रांचा गेल्या आठ दशकांचा इतिहास सामान्यतः सांगितला जातो तसा सरळ प्रगतीचा राहत नाही.

या इतिहासाचा आरंभ बहुधा व्हॅनेव्हार बुश यांच्या जुलै १९४५ मधील 'अटलांटिक मंथली'तील निबंधापासून केला जातो. त्यांनी कल्पिलेले 'मेमेक्स' हे मायक्रोफिल्म साठवणारे मेज होते. ते कधीच बांधले गेले नाही. वर्णानुक्रमाने किंवा विषयवारीने लावलेली माहिती मनाच्या साहचर्याने शोधता येत नाही, ही बुश यांची तक्रार होती, आणि म्हणून कोणत्याही दोन पानांस कळ दाबून कायमचे जोडण्याची सोय त्यांनी सुचविली. तथापि त्यांच्या उदाहरणातील एक तपशील सहसा सुटून जातो. धर्मयुद्धांच्या काळात तुर्की आखूड धनुष्य इंग्लिश लांब धनुष्याहून सरस का ठरले, याचा शोध घेणारा त्यांचा अभ्यासक पाने केवळ जोडत नाही. तो त्या वाटेला नाव देतो आणि मध्ये स्वतःच्या हातचे विवेचनाचे पानही घालतो. दोन पाने एकत्र का आली, हे सांगण्याची जबाबदारी बुश यांनी यंत्राकडे सोपविलेली नव्हती.

यंत्राविनाच हे काम सर्वाधिक चिकाटीने केले ते जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यांनी. सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्यांचा त्यांचा संग्रह विषयवार लावलेला नव्हता. प्रत्येक चिठ्ठीला एक अढळ क्रमांक असे. ५७/१२ नंतर ५७/१३ येई, आणि ५७/१२ मधील एखाद्या शब्दापाशी नवा विचार सुचला तर त्या शब्दाजवळ तांबड्या शाईने खूण करून, अक्षर जोडलेल्या क्रमांकाची चिठ्ठी मागे घातली जाई. दूरच्या चिठ्ठीचा निर्देश करावयाचा तर तिचा क्रमांक लिहावयाचा, आणि उलट दिशेचा निर्देश हवा असेल तर उठून तो खण उघडून तेथेही लिहावयाचा. १९८१ च्या एका निबंधात लूमान यांनी ही पेटी आपल्याला अनपेक्षित उत्तरे देणारा संवादक असल्याचे म्हटले आहे. या विधानाचा पुढे फार गाजावाजा झाला. त्यामानाने तांबड्या खुणेकडे कमी लक्ष गेले. वस्तुतः लूमान यांचे निर्देश पुष्कळदा नुसते आकडेच असतात, त्यांच्यासोबत कारण दिलेले नसते. परंतु तो आकडा एका विशिष्ट वाक्यातील विशिष्ट ठिकाणी उभा असतो. तेथे विचार अपुरा पडला, म्हणून तो फुटला. हीच आकांक्षा होय. ती चिठ्ठीच्या नावात नसून वाक्यातील त्या जागेत असते.

संगणकाच्या पहिल्या पिढीला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. 'हायपरटेक्स्ट' हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये छापात आणला. १९८३ च्या आपल्या प्रबंधात रँडल ट्रिग यांनी दुव्यांची जवळजवळ व्याकरणासारखी वर्गवारी रचली : खंडन, समर्थन, सामान्यीकरण, आधार इत्यादी. ट्रिग, फ्रँक हलाश आणि थॉमस मोरन यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात घडविलेल्या 'नोटकार्ड्स' प्रणालीत प्रत्येक दुव्याला असे नाव देता येई. योग्यता आधीच ठरवून टाकण्याचा हा प्रयत्न होता. परंतु लिहिणाऱ्याला संबंध जाणवतो तेव्हा त्याचे नाव ठाऊक असतेच असे नाही. पुष्कळदा ते शोधण्यासाठीच तो लिहीत असतो. फ्रँक शिपमन आणि कॅथरीन मार्शल यांनी १९९९ च्या लेखात अशा अकाली औपचारिकतेचे तोटे साधार दाखविले आहेत.

टिम बर्नर्स-ली यांची वाटचाल याहून बोलकी आहे. १९८० मध्ये सर्न येथे त्यांनी स्वतःपुरती लिहिलेली 'एन्क्वायर' ही प्रणाली दुतर्फा दुवे ठेवी आणि अमुक तमुकाचा भाग आहे, अमुक तमुकाने केले, असे संबंधही नोंदवी. पुढे त्यांनीच उभारलेल्या वेबवर दुवा एकतर्फी झाला आणि व्यवहारात निनावीही. जाळे जगभर पसरले ते याच काटकसरीमुळे. मराठी विश्वकोशातील नोंदींच्या शेवटी येणारे 'पहा' याच जातीचे आहे : कोठे पाहावे हे ते सांगते, का ते सांगत नाही. विश्वकोशाला ते पुरते, कारण तेथे नोंद दुसऱ्याने लिहिलेली असते आणि वाचकाची गरज त्याची त्याला ठाऊक असते. स्वतःच्या टिपणांत मात्र ज्याने 'पहा' लिहिले त्यालाच दहा वर्षांनी त्याचे कारण विचारावे लागते.

जॉर्ज लँडो यांनी १९९२ च्या ग्रंथात हायपरटेक्स्ट आणि बार्त-देरिदा प्रभृतींचा संहिताविचार यांचा संगम झाल्याचे मांडले. समीक्षेला हे विधान सुखावणारे होते, पण ते घाईचे ठरते. एका संहितेत दुसरीचे पडसाद उमटणे ही अर्थाची घटना आहे, आणि कळ दाबताच दुसरे पान उघडणे ही अंतराची. लँडो यांच्या मांडणीत सन्निधीलाच आंतरसंहितेचे नाव मिळाले.

'रोम रिसर्च' किंवा २०२० मध्ये आलेली 'ऑब्सिडियन' या टिपणप्रणालींत ही गल्लत रोजच्या लेखनव्यवहारात उतरली आहे. दुहेरी चौकटी कंसात एखाद्या टिपणाचे नाव लिहिले की दुवा तयार होतो, आणि त्या टिपणापाशी परतीचा दुवा आपोआप उमटतो. लूमान यांना खण उघडून जे करावे लागे ते आता कष्टाविना होते. एवढेच नव्हे, तर न जोडलेले नामोल्लेखही यंत्र शोधून पुढे ठेवते आणि सर्व टिपणांचा ठिपक्यारेषांचा नकाशा काढून दाखवते. नकाशा मोहक असतो. त्यातील प्रत्येक रेषा सारखीच असते. खंडनाची, आधाराची आणि केवळ नाव एकदा येऊन गेल्याची. परतीचा दुवा ज्या परिच्छेदातून आला तो परिच्छेद या प्रणाली सोबत दाखवतात, हे खरे, आणि यांतील सर्वांत मोलाची सोय हीच आहे. पण त्या परिच्छेदात संबंध लिहिलेला असेल तरच तो दिसणार. कष्ट गेले, तसा लिहिण्यापूर्वी थबकण्याचा क्षणही गेला.

लूमान यांचा संग्रह २०११ मध्ये बीलेफेल्ड विद्यापीठाकडे आला आणि २०१९ पासून तो टप्प्याटप्प्याने संगणकावर वाचण्यास खुला होत आहे. त्यांनी लिहिलेले क्रमांक आता दाबताच उघडतात. शेजारी मूळ चिठ्ठीचे छायाचित्रही असते. शाईची खूण कोणत्या शब्दापाशी पडली आहे, ते तेथे पाहता येते.