मेन्स्टनला आणि ठाण्याला

लहानपणी आमच्या घरी एका मावशीबद्दल एवढंच बोललं जाई: ‘ती ठाण्याला असते.’ तिथे तिचा फ्लॅट असेल, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. ‘तुला ठाण्याला पाठवायला हवं’ हे वाक्य शाळेत मीही इतरांना ऐकवलंय. त्याची आणि मावशीची सांगड पुष्कळ उशिरा लागली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पुणेकर याच कामासाठी येरवड्याचं नाव घेतात, हे तुम्हाला सांगायला नकोच.

पोस्टडॉकसाठी लीड्सला आले, तेव्हा माझी वयस्कर घरमालकीण हसत म्हणाली, ‘इतकं वाचत बसलीस तर मेन्स्टनला जाशील हं!’ मी नकाशा उघडला. इल्कलीच्या गाडीने गाइझलीच्या पुढचं स्टेशन.

ही गोष्ट मात्र त्याच्या शंभर वर्षं आधी सुरू होते, आणि लीड्सच्याच एका बाईपासून. हॅना मिल्स ही क्वेकर पंथातली विधवा. १७९०च्या मार्चमध्ये तिला यॉर्कच्या असायलममध्ये ठेवलं. तिचे नातेवाईक लांब राहणारे. (इथे मी वाचताना थबकले, तुम्हीही थबकाल.) त्यांनी यॉर्कमधल्या क्वेकर मंडळींना विनंती केली, जरा तिला भेटून या. मंडळी गेली, पण भेट नाकारली गेली. एप्रिलअखेर हॅना वारली. आत काय झालं, हे बाहेर कुणालाच कळलं नाही.

यॉर्कचा चहाचा व्यापारी विल्यम ट्यूक याने मग १७९६मध्ये ‘रिट्रीट’ उघडलं. तीसेक माणसांची जागा, साखळदंड नाहीत. बागकाम, शिवणकाम, पाहुण्यांबरोबर चहा. माणसासारखं वागवलं तर मन बिघडलेला माणूसही चारचौघांत नीट वागू शकतो, हा त्यामागचा विचार. त्याला ‘मॉरल ट्रीटमेंट’ म्हणत. त्यातल्या ‘मॉरल’चा अर्थ नैतिक असा नाही, मनाशी संबंधित असा आहे. साखळीची जागा तिथे लाजेने आणि धाकाने घेतली, अशी टीका पुढे फूकोने केली. मला ती अर्धीच पटते. साखळी ती साखळी.

तीस माणसांत जमलं ते हजारांत कसं जमावं? मेन्स्टनचं ‘वेस्ट रायडिंग पॉपर लुनॅटिक असायलम’ ८ ऑक्टोबर १८८८ला उघडलं. घड्याळाचा मनोरा, स्वतःची शेती, बेकरी, धुलाईघर, मालासाठी रेल्वेचा फाटासुद्धा. त्या काळच्या अशा संस्थांमध्ये फेफरं येणारे, सिफिलिस मेंदूपर्यंत पोचलेले, बाळंतपणानंतर खचलेल्या बाया, सगळे एकाच शब्दाखाली दाखल होत. फेफऱ्याला आज आपण मनोविकार म्हणत नाही. तो सिफिलिस पेनिसिलिनने आटोक्यात आला. आजार बदलले नाहीत, त्यांची खाती बदलली.

१९६१मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने अमेरिकेतल्या अशाच एका रुग्णालयाचा अभ्यास करून लिहिलं, की रुग्णाचं विचित्र वागणं पुष्कळदा आजारातून नाही, त्या जागेतून येतं. कपडे, वेळ, नाव, सगळं काढून घेतल्यावर स्वभाव उरतो किती? त्याच वर्षी ब्रिटनचे आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी ही रुग्णालयं मोडीत काढायची घोषणा केली. मेन्स्टनचं, म्हणजे नंतरचं हाय रॉइड्स, २००३ला बंद झालं. आता तिथे घरं आहेत, किमतीही चांगल्या आहेत.

जवळच बकल लेनला त्यांची दफनभूमी आहे. २,८०० हून अधिक रुग्ण तिथे पुरलेले आहेत, कबरींवर नावं न घालता. मी गेले त्या दिवशी पाऊस होता. परतताना गाडीतून आईला फोन केला आणि विचारलं, मावशीला भेटायला कोण जायचं?

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘सुरुवातीला आजोबा जायचे. लोकलने, डबा घेऊन.’