चहाची पायरी

मराठीत ‘पायरी’ हा शब्द जिन्यापुरता कधीच राहिला नाही. माणसाला आपली पायरी ओळखून वागायला सांगतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं बजावतात. पंढरपुरात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर, महाद्वाराबाहेर, चोखामेळ्याची समाधी. ज्याला देवळाच्या आत जाता आलं नाही, त्याची जागा इतिहासानेही पायरीपाशीच ठेवली.

मी व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे हा शब्द मला म्हणींपेक्षा रस्त्यावर जास्त भेटतो. मुंबईच्या इराणी हॉटेलांविषयी वाचताना तो पुन्हा समोर आला. या हॉटेलांवरच्या बहुतेक लेखांत एक वाक्य असतंच: इथे कुणीही यावं, कुणाच्याही शेजारी बसावं. हे वाक्य खोटं नाही. उलट ते किती मोठं आहे, हे त्याआधीचा चहाचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गावातली काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. हे घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोशींनी पुढे ही बातमी नावांनिशी जाहीर केली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न टाळता आला नाही. चहा कोणता होता, याच्याशी कुणालाच कर्तव्य नव्हतं. तो कुणाच्या घरी, कुणाच्या हातचा होता, एवढाच मुद्दा होता.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. राजवाड्यातल्या नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्ला. शाहू महाराजांना हे कळल्यावर त्यांनी गंगारामांना स्वतःचं चहाचं दुकान काढायला मदत केली. त्याचं नाव ‘सत्यसुधारक’. तरी अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातून येणार कोण? मग महाराज स्वतःच आपली गाडी दुकानासमोर थांबवून चहा मागवू लागले. महाराज पितात म्हटल्यावर सोबतच्यांना नाही म्हणता येईना.

याच काळात इराणमधल्या यझ्द, केरमान या भागांतून आलेले लोक मुंबईत चहाची दुकानं थाटत होते. त्यांत झरतुष्ट्री होते, मुसलमानही होते. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, कोपऱ्यामुळे दुकान दोन रस्त्यांना उघडं राहिलं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. गिरणी कामगार, कारकून, विद्यार्थी, रेसचे शौकीन एकाच टेबलावर ब्रून मस्का चहात बुडवत. ज्या काळात खाणावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे, त्या काळात हे चालू होतं. भिंतीवरच्या सूचना केस विंचरू नका, उगाच बसून राहू नका, अशा असत. तू कोण, हे त्यांत विचारलेलं नसे.

पुढे हीच गोष्ट राज्यघटनेत आली. अनुच्छेद १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. चहाच्या दुकानात शिरण्याचा हक्क मूलभूत हक्कांत लिहून ठेवावा लागला, यावरून तो किती दुर्मीळ होता ते कळतं. माझ्यासारख्यांचा उल्लेख मात्र या यादीत नाही.

आणि तरी दोनच अनुच्छेद पुढे एक शब्द सापडतो. अनुच्छेद १७ च्या इंग्रजी पाठात अस्पृश्यतेतून उद्भवणारी ‘डिसॅबिलिटी’ लादणं हा गुन्हा ठरवला आहे. आज आपण अपंगत्वासाठी वापरतो तोच शब्द. तिथे तो हातापायांबद्दल नाही. विहिरीवर, देवळात, हॉटेलात जाऊ न देणं म्हणजे डिसॅबिलिटी. ती माणसाच्या अंगात नसते, बाहेरून लादली जाते. अपंगांच्या चळवळी जे पटवून देण्यासाठी अजून झगडतात, ते आपल्या घटनेने १९५० सालीच दुसऱ्या संदर्भात लिहून ठेवलं होतं.

मी राहतो उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये. ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं, पण कॅम्पांचे आकडे आजही पत्त्यात आहेत. घर सोडून आलेल्या माणसाने दुकान मांडून शहरात जागा मिळवायची, हे इराण्यांचं आणि आमच्या गावचं समान सूत्र. रोजचा चहा मी कोपऱ्यावरच्या टपरीवर पितो. टपरीला पायरी नसते, कारण टपरीला ‘आत’च नसतं.

इराण्याकडचा ‘आत’ मला बघायचा होता. एका रविवारी मित्राला घेऊन अंबरनाथहून सुटणारी लोकल पकडली. दिव्यांगांच्या डब्यात चढताना दोघांनी हात दिला. सीएसएमटीला पूल चढावा लागत नाही. सगळे रूळ तिथेच संपतात. तिथून दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इराणी हॉटेलापर्यंत गेलो. नाव सांगत नाही, कारण गोष्ट त्या एकट्याची नाही. दाराशी दोन पायऱ्या होत्या.

वेटर बाहेर आला. माणूस प्रेमळ होता. “साहेब, उचलून घेऊ का?” खुर्चीसकट उचलल्यावर माणूस सामान होतो, आणि हात निसटला तर पडायचं मलाच असतं. मी नको म्हणालो. मग तो म्हणाला, “मग इथंच बसा, चहा बाहेर आणून देतो.” त्याने खरंच आणला. बशीत खारी ठेवली, पैसे घ्यायलाही तयार नव्हता. फुटपाथवर चहा घेताना मला कोल्हापूरची ती गाडी आठवली. महाराजांचा चहाही बाहेरच आला होता. पण त्यांच्यासाठी ‘बाहेर’ ही निवड होती. ज्यांना वेगळ्या कपात, दुकानाबाहेर चहा मिळे, त्यांची ती निवड नव्हती. माझी अवस्था त्यांच्यासारखी आहे असं मी म्हणणार नाही. तिथे अपमान हाच हेतू होता. इथल्या जोत्यामागे मुंबईचा पाऊस आहे. कुणी मला अडवायला ते बांधलं नाही. पण कुणाचाच हेतू नसला, तरी चहा बाहेरच येतो.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, म्हणून आकडेही मांडतो. उताराचा मान्य दर बारास एक. दोन पायऱ्यांची उंची तीस सेंटीमीटर धरली, तर तीन मीटर साठ सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. तो फुटपाथवर कायमचा बांधला, तर ते अतिक्रमण. दगडी जोतं फोडावं, असंही मला वाटत नाही. उतरतो तो घडीचा पत्र्याचा रॅम्प: गिऱ्हाईक आलं की टाकायचा, गेलं की भिंतीला टेकवायचा.

कायदाही आता गप्प नाही. २०१६ च्या कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही घेतल्या. नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या इमारतींना पाच वर्षांची मुदत मिळाली. ती २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी यांच्या खटल्यात सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सांगितलं. कोर्टाची पायरी कुणीतरी चढलं, म्हणून हे झालं.

इराणी हॉटेलं एकेक करून बंद होतायत. दर वेळी हळहळीचे लेख येतात: तिथला कोपरा, तिथला आरसा, तिथली खुर्ची. मी ते सगळे वाचतो, पण त्यांतलं काहीच मला आठवू शकत नाही. उरलेल्या हॉटेलांतलं एखादं तरी बंद होण्याआधी मला त्या संगमरवरी टेबलाशी बसायचं आहे. एक काळी खुर्ची तेवढी बाजूला सरकवावी लागेल. माझी मी घेऊन येतो.