पुरवणीचे मोल

पुरवणी हा शब्द आम्हा शिक्षकांच्या तोंडी नेहमीचा. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की मुलगा हात वर करतो, पर्यवेक्षक त्याला जादा कागद देतात आणि तो कागद मूळ पत्रिकेला दोऱ्याने बांधावयाचा असतो. पुरवण्या जितक्या अधिक तितके गुण अधिक, असा मुलांचा एक भाबडा समज असतो. तपासणाऱ्याचा तसा समज नसतो. लिहिलेलेच पुन्हा लिहिलेली पुरवणी आणि राहिलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणारी पुरवणी या बाहेरून सारख्याच दिसतात. मोल मात्र आत वाचल्यावर ठरते.

हल्ली ही पुरवणी घराघरांत निराळ्याच रूपाने आली आहे. मुले संगणकावर किंवा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर अद्भुतकथांचे लांबलचक खेळ खेळतात. खेळणाऱ्याने एखाद्या योद्ध्याचे वा मांत्रिकाचे सोंग घ्यावयाचे, राज्ये पालथी घालावयाची, राक्षस मारावयाचे, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलून कथा पुढे न्यावयाची. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. असा खेळ विकत घेतला तरी व्यवहार तेथे संपत नाही. पुढे त्याच कथेला नवा मुलूख, नवी पात्रे, नवे प्रसंग जोडणारा भाग निघतो. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा आणि त्याचे दाम वेगळे मोजावयाचे. मुले त्याला डीएलसी किंवा एक्स्पान्शन म्हणतात. आपण पुरवणी म्हणू. दिवाळीच्या खर्चाची यादी करताना वडील विचारतात, "खेळाचे पैसे दिले होते ना? मग हे कशाचे?"

प्रश्न रास्त आहे. परंतु तो नवा नाही. पुरी झालेली कथा वाढवावी की नाही, वाढवली तर तिला मान द्यावा की नाही, याचा विचार आपल्याकडे शेकडो वर्षे चालत आला आहे. त्या जुन्या विचाराच्या उजेडात आजचा प्रश्न पाहिला तर तो बराचसा सुटतो, असे मला वाटते.

उद्या पहाटे अभ्यंगस्नान करून आपण कारीट फोडू, तेव्हा नरकासुराची आठवण करू. या नरकाचा महाभारतात नुसता ओझरता उल्लेख येतो. त्याच्या वधाची सविस्तर कथा येते ती हरिवंशात. कृष्णाचे गोकुळातील बालपण, कालियामर्दन, गोवर्धन, कंसवध या कथाही महाभारत विस्ताराने सांगत नाही. तेथे कृष्ण आपल्याला भेटतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, कर्ता पुरुष म्हणूनच. ऐकणाऱ्यांच्या मनात साहजिकच आले असेल, की हा पुरुष लहानपणी कसा होता? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हरिवंश.

महाभारताच्या आरंभी पर्वांची जी अनुक्रमणिका आहे, तिच्यात हरिवंशाला 'खिल' म्हटले आहे. खिल म्हणजे नांगरलेल्या शेतांच्या मध्ये राहून गेलेला पडीक तुकडा. त्यावरून पुढे अर्थ झाला पुरवणी. शब्द मोठा मार्मिक आहे. शेत आधी नांगरून, पेरून, पिकवून झालेले आहे. राहिलेला तुकडा पुढे कोणी वहितीला आणला, तर आधीच्या पिकाला उणेपणा येत नाही आणि धान्यात भर पडते. हरिवंश काढून ठेवला तरी कुरुक्षेत्राची कथा एका जागीही अडत नाही. पण हरिवंश नसता, तर आपली गोकुळाष्टमी आणि आपली नरकचतुर्दशी कितीतरी कोरडी झाली असती.

मात्र सगळ्याच पुरवण्या अशा उघड नावाने आल्या नाहीत. कित्येक कथा गुपचूप मुळातच मिसळल्या गेल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची संशोधित आवृत्ती हाती घेतली. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे तिची सूत्रे आली. निरनिराळ्या लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्याचे हे काम १९६६ साली पुरे झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९४३ साली, सुकथनकर वारले होते. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही आपल्या सर्वांच्या आवडीची कथादेखील या पंडितांना मूळ संहितेत ठेवता आली नाही. तिला परिशिष्टात जागा मिळाली. त्यांनी ती जाळली नाही, फेकली नाही. केवळ तिची जागा तिला दाखवून दिली. हरिवंशाची संशोधित आवृत्ती त्यांनी मागाहून वेगळ्या खंडांत काढली. मूळ ते मूळ, पुरवणी ती पुरवणी, आणि दोहोंचा आदर, असा तो न्याय होता.

हाच न्याय आमच्या मराठवाड्यात त्यापूर्वी साडेतीनशे वर्षे एका संताने केला होता. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितली गेली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली गेली. उतरवणारे भाविक होते; त्यांना ओवी सुचली की ती ते भक्तिभावानेच मध्ये घालीत. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती जमवून त्या शुद्ध केल्या आणि यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे स्पष्ट बजावले. स्वतः एवढे समर्थ कवी असून नाथांनी ज्ञानेश्वरांच्या ओळीत आपली ओळ मिसळली नाही. जे सांगावयाचे ते त्यांनी स्वतःच्या ग्रंथांतून सांगितले.

आता याची दुसरी बाजू पाहा. याच नाथांचे भावार्थरामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि त्यांची लेखणी थांबली. पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. हा गावबा पुरणपोळीसाठी नाथांच्या घरी राहिलेला एक भोळा मुलगा होता, असे सांगतात. लंका पडावयाची राहिली असती, तर ते रामायण कसले? येथे पुरवणी ही चैन नव्हती. अर्धे राहिलेले काम तडीस नेणे होते. परंपरेने गावब्याला दोष दिला नाही, आणि जोड कोठे आहे हेही लपवले नाही. तेव्हा नाथांचा विरोध भर घालण्याला नव्हता. तो होता दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या वस्तूत चोरपावलांनी शिरण्याला.

हा विवेक जवळ ठेवून आता खेळांकडे येऊ. या खेळांचा मूळपुरुष संगणकावरचा नव्हे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, फासे आणि गप्पा यांवर चालणारा खेळ काढला. १९७५ सालीच त्याची 'ग्रेहॉक' नावाची पहिली पुरवणी छापून निघाली. म्हणजे मूल वर्षाचे होते न होते तोच त्याच्या पाठीला दप्तर लागले! पुढे संगणक आले. १९९८ साली कॅनडातील बायोवेअर या संस्थेचा 'बॉल्डर्स गेट' निघाला आणि दुसऱ्या वर्षी त्याची पुरवणी. तेव्हा ती तबकडीवर, खोक्यात घालून, दुकानात विकली जाई. छपाई, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन हे सारे निघावयाचे, तर आत चार दिवस पुरेल असे काहीतरी भरावेच लागे.

इंटरनेटने हा खर्च उडवला आणि त्याबरोबर लाजही थोडी उडाली. २००६ साली बेथेस्डा कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या खेळासाठी अडीच डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे एकशेदहा रुपयांना, घोड्याचे चिलखत विकावयास काढले. ना नवी कथा, ना नवा मुलूख. घोड्याची शोभा तेवढी वाढली. लोकांनी त्याची भरपूर थट्टा केली. आपणही पोळ्याला बैलावर झूल घालतो आणि त्या हौसेला कोणी नावे ठेवीत नाही. पण झूल मिरवावयास वेस लागते, वाजंत्री लागते, गाव लागते. हा खेळ तर एकट्याने बसून खेळावयाचा; झूल पाहणार कोण? गंमत अशी, की याच खेळाला २००७ साली 'शिव्हरिंग आइल्स' ही खरीखुरी पुरवणी मिळाली. वेडाच्या देवतेचे आख्खे राज्य तिच्यात होते. एकाच घरातून झूलही निघाली आणि शेतही.

यापेक्षा वाईट प्रकार २००९ सालच्या 'ड्रॅगन एज ओरिजिन्स' या खेळात झाला. रात्री छावणीत एक माणूस येऊन नायकाजवळ गाऱ्हाणे सांगतो, मदत मागतो. खेळणाऱ्याला दया येते, तो 'चल' म्हणू पाहतो, तर कळते की या माणसाला मदत करावयाची तर आधी पुरवणी विकत घ्या! आपल्याकडे कीर्तनात आरतीचे ताट फिरते, पण ते आख्यान संपल्यावर. द्रौपदीने धावा केला आहे, वस्त्र ओढले जात आहे आणि बुवांनी तेथेच चिपळ्या खाली ठेवून ताट पुढे केले, तर श्रोते काय म्हणतील? येथे अपराध पैसे मागण्याचा नाही. ज्या करुणेवर कथा उभी राहते, तिलाच वसुलीस धाडण्याचा आहे.

याच्या उलट उदाहरण पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचे. आंद्रेई सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर आधारलेला 'द विचर ३' हा त्यांचा खेळ २०१५ च्या मे महिन्यात आला. सोळा लहानसहान भर त्यांनी फुकट दिल्या आणि दाम घेतले ते दोन मोठ्या पुरवण्यांचे. त्यांपैकी 'ब्लड अँड वाइन' मे २०१६ मध्ये निघाली. तिच्यात द्राक्षमळ्यांचा एक नवाच, उन्हात न्हालेला देश आहे. आणि जन्मभर वणवण करणाऱ्या नायकाला तेथे पहिल्यांदाच स्वतःचे घर आणि मळा मिळतो. मूळ कथा स्वतःच्या पायांवर पुरी उभी होती. तरी खेळणाऱ्याच्या मनात एक जागा पडीक राहिली होती, की या भटक्याला विसावा कधी? पुरवणीने नेमकी तीच जागा वहितीला आणली. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' समारंभात सर्वोत्तम रोल-प्लेइंग खेळाचे पारितोषिक या पुरवणीलाच मिळाले. २०२४ साली 'एल्डन रिंग' या खेळाची पुरवणी वर्षातील सर्वोत्तम खेळाच्या स्पर्धेत आली, तेव्हा पुरवणीला मुळाच्या पंगतीत बसवावे काय यावर वाद झाला. हरिवंशाला भारतात धरावे की वेगळे मोजावे, हा वाद तरी निराळा काय होता?

आमच्या मुदखेडला मनमाड–सिकंदराबाद मार्गावरून आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. मनमाडहून सिकंदराबादला निघालेल्याला त्या फाट्याचे तिकीट काढावे लागत नाही, आणि आदिलाबादच्या रानात ज्याला जावयाचे आहे तो ते आनंदाने काढतो. पण मुख्य मार्गाचेच रूळ मध्ये उखडून, 'पुढच्या तिकिटाशिवाय गाडी जाणार नाही' असे कोणी म्हणू लागला, तर त्याला फाटा म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

म्हणून वडीलमाणसांना माझे सांगणे एवढेच, की पुरवणी मागणाऱ्या मुलावर एकदम डाफरू नका. त्याला आधी विचारा, मूळ खेळ पुरा झाला का? नसेल, तर पुरवणीची घाई कशाला? मग विचारा, हिच्यावाचून तुझी कथा अडली आहे का? अडली असेल, तर ती विकणाऱ्याने अडवली आहे; तेथे हात आखडावा. आणि शेवटी विचारा, हिच्यात नवे शेत आहे की नुसती झूल? थोडा धीर धरला तर खर्चही वाचतो. 'द विचर ३' ची दोन्ही पुरवण्यांसह समग्र आवृत्ती २०१६ च्या ऑगस्टमध्येच एका किमतीत निघाली होती.

मीही कादंबऱ्या लिहितो. शेवटचे पान मिटल्यावर वाचकाने 'पुढे काय झाले?' असे विचारावे, यापरता लेखकाला मान नाही. पण ते शेवटचे पान त्याच्या हाती पडलेले असले पाहिजे. पान पुरे वाढावे. मग पोट भरलेल्या पाहुण्याने आपखुशीने आणखी एक पुरणपोळी मागितली, तर ती वाढणाऱ्यालाही आनंद आणि खाणाऱ्यालाही.