विपेहोमची टॉफी

मंडळी, विषय दातांचा आहे म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, हा तत्त्वज्ञानाचा मास्तर बेलवलीत टूथपेस्ट विकायला आला की काय! पण प्रश्न नीतिशास्त्राचाच आहे.

‘मधल्या वेळात चिकट गोड खाऊ नका’ हे दंतवैद्याचं वाक्य आपल्याला पाठ असतं. ते पक्कं कुठे झालं? स्वीडनमध्ये लुंड इथे विपेहोम नावाची, बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांची संस्था होती. दात कशाने किडतात, हे तिथल्या सरकारला जाणून घ्यायचं होतं. १९४५ पासून आधी जीवनसत्त्वं देऊन पाहिली, मग १९४७ पासून साखर. एकूण ४३६ माणसं. कुणाला जेवणासोबत साखरेचं पाणी, कुणाला गोड पाव, कुणाला मधल्या वेळात टॉफी. एका गटाला तर दिवसाला २४! आणि ती टॉफी मुद्दाम चिकट बनवलेली. थोडा पैसा साखर-चॉकलेटवाल्यांचाही होता.

१९५४ साली निष्कर्ष छापून आले: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे जास्त महत्त्वाचं. शास्त्र म्हणून पक्कं काम. पुढे स्वीडनच्या मुलांना खाऊ फक्त शनिवारी मिळू लागला.

पण हीच माणसं का निवडली? ती एका जागी राहत होती, दिलं ते खात होती आणि ‘नको’ म्हणू शकत नव्हती. बघा, त्याच १९४७ साली न्यूरेंबर्गच्या निकालात माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीला पहिलं स्थान मिळालं होतं. मला हे अज्ञान वाटत नाही. ही माणसं त्या ‘माणूस’ शब्दात कुणी धरलीच नव्हती.

इकडे १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा काढली, तीच आजची जय वकील. म्हणजे त्या काळी वेगळं पाहणारी नजरही होती.

आता त्या ज्ञानाचा फायदा अशा मुलांना किती झाला? ब्रश दुसऱ्याच्या हातात. फिट्सवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढतात, काही पातळ औषधांत साखर असते. डाउन सिंड्रोममध्ये हिरड्यांचे आजार लवकर गाठतात. दाढ दुखते हे सांगता येत नाही. मूल जेवण सोडतं, गालावर मारून घेतं, आणि आपण म्हणतो, हट्टी झालाय!

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं २५ वं कलम उपचारात प्राधान्य द्यायला सांगतं. खुर्चीत भूल द्यायची पाळी आली, तर बदलापूरहून सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयापर्यंत लोकलने सुमारे ६८ किलोमीटर, तेही उपाशीपोटी आणि गर्दीला बिचकणाऱ्या मुलाला घेऊन. आईने यातली कुठली लोकल पकडायची, हे त्या कलमात लिहिलेलं नाही.