उतरल्याशिवाय पाणी नाही



कीर्तन संपलं की आरतीचं ताट फिरतं. आज ते ताट जरा बाजूला ठेवू. तुमच्याजवळ जांभळट रंगाची १०० रुपयांची नोट असेल तर काढा आणि उलटी करून पाहा. मागच्या बाजूला खांबांवर खांब, मजल्यावर मजले दिसतात ना? पुष्कळांना तो राजवाडा वाटतो. राजवाडा नव्हे, ती विहीर आहे! गुजरातेत पाटण गावची ‘राणी की वाव’. आपण जिला बारव म्हणतो, तिला तिकडं वाव म्हणतात.

अकराव्या शतकातली गोष्ट. सोळंकी घराण्यातला राजा पहिला भीमदेव, त्याची राणी उदयमती. राजा गेला. त्याच्या स्मरणार्थ राणीनं काय बांधलं? पाणी बांधलं. मेरुतुंग नावाच्या जैन आचार्यांनी ‘प्रबंधचिंतामणी’ ग्रंथात या राणीच्या वावेची नोंद करून ठेवली आहे. लांबी सुमारे ६४ मीटर, रुंदी २०, खोली २७. सात मजले जमिनीच्या पोटात. भिंतीवर दशावतार, आणि अगदी आत, विहिरीच्या भिंतीत शेषशायी विष्णू. देवळात आपण देवाकडं पायऱ्या चढून जातो. इथं उतरून जावं लागतं.

आता कुणी विचारील, महाराज, एवढ्या पायऱ्या कशाला? दोर-बादली होती की! ऐका. भूगर्भातलं पाणी पावसाळ्यात वर येतं, वैशाखात खाली जातं. पाणी जसं खाली जाईल तसा दोर लांबवावा लागतो. आणि ज्या वाटसरूजवळ दोरच नाही, त्यानं काय करावं? पायऱ्या असल्या की पाणी कितीही खाली जावो, माणूस त्याच्यापर्यंत पोचतो. ओंजळ भरली की झालं. उन्हात चालून आलेल्याला आत थंड सावली, बसायला ओटा. बारव म्हणजे नुसती विहीर नव्हे, ती धर्मशाळासुद्धा आहे.

पाटण लांब वाटत असेल तर साताऱ्याजवळ लिंबला जा. तिथं बारामोटेची विहीर आहे. शाहू छत्रपतींच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवून घेतली. विहीर अष्टकोनी, आत दगडी महाल. आणि ते पाणी कशासाठी? आमराईसाठी. आपल्या शास्त्रात इष्ट आणि पूर्त असे दोन शब्द आहेत. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे विहीर, तळं, बाग, देऊळ, अन्नदान; लोकांसाठी करायचं ते. वीरूबाईंनी विहीरही दिली आणि बागही दिली. एका ठिकाणी दोन पूर्तं!

आता माझं सांगतो. लपवून काय करू? आमच्या गावातही एक बारव आहे. १९७२च्या दुष्काळात मी लहान होतो. आईच्या मागं कळशी घेऊन त्या पायऱ्या उतरायचो. सगळं गाव त्या पाण्यावर जगलं. पुढं नळ आले आणि बारवेकडं कुणी फिरकेना. मग सप्ताह झाला की हारफुलांचं निर्माल्य कुठं टाकायचं? बारवेत! टाकणारा कोण? मीच. देवाचं आहे, पाण्यात सोडलं, पुण्य लागलं, असं वाटायचं. निर्माल्यावर प्लास्टिक आलं, प्लास्टिकवर घरपाडीचे दगड आले. एका उन्हाळ्यात नळ कोरडे पडले. गाव टँकरच्या रांगेत उभं, आणि बारवेत पायरीसुद्धा दिसेना.

पाटणची वाव सरस्वती नदीच्या पुराच्या गाळानं बुजली. नदीनं बुजवली, पण गाळाखाली मूर्ती जपून ठेवल्या. शेकडो वर्षांनी पुरातत्त्व खात्यानं गाळ उपसला, तेव्हा त्या उजेडात आल्या. २०१४ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हटलं. आमची बारव मात्र आम्हीच बुजवली, माउली. तीही हात जोडून!

दोन उन्हाळे झाले, आम्ही गाळ काढतोय. बायका-पोरं, म्हातारे, सगळे घमेली देतात. सोळा पायऱ्या मोकळ्या झाल्या. तळ अजून लागला नाही. खाली उतरलो की आईच्या कळशीचा आवाज आठवतो आणि मान आपोआप खाली जाते.

म्हणून यंदा वारीला निघाल तेव्हा वाटेत जुनी बारव दिसली तर पायरीला हात लावून नमस्कार करा, आणि हातातलं निर्माल्य झाडाच्या बुडाशी टाका. घरी परतलात की गावातली बारव शोधा. नारळ नंतर फोडा. आधी एक घमेलं गाळ वर आणा. तेच त्या दिवसाचं भजन.

राम कृष्ण हरी!